सागावर चेन लगेच बोथट होते, खैरावर टिकते: असं का होतं आणि काय करायचं

पावसाळा तोंडावर आला की लोक तीच तक्रार घेऊन येतात. चेन सॉची, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनची, चेन नवी, किंवा नुकतीच धार लावलेली. सागाचे चार-पाच ओंडके झाले की मशीन पुढे सरत नाही, वरून दाब द्यावा लागतो, आणि जाड कपच्या पडायच्या तिथे पिठासारखा भुसा उडतो. धार लावली की पुन्हा थोडा वेळ बरं चालतं, मग परत तेच. त्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "याच चेननं मागच्या आठवड्यात खैर कापला. खैर सागापेक्षा कितीतरी कठीण. मग सागावरच कशी गेली? चेनच डुप्लिकेट दिसतेय."

डुप्लिकेट चेन बाजारात आहेत, नाही असं नाही. पण हे चांगल्या चेनवरही होतं, आणि त्याचं कारण सागातच आहे.

लाकूड कठीण असणं वेगळं आणि लाकडानं धार खाणं वेगळं. कठीण लाकडाला वेळ लागतो, पेट्रोल जास्त लागतं, चेन तापते. धार खातात ते लाकडातले आणि सालीवरचे खनिजाचे कण. सागाचं झाड मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतं आणि ती खोडातल्या पेशींमध्ये साठून राहते. वाळू ज्या पदार्थाची बनलेली असते तोच हा पदार्थ. सागात त्याचं प्रमाण कधीकधी वजनाच्या एक टक्क्याच्याही वर जातं. ऐकायला कमी वाटतं, पण खनिजांचा टणकपणा मोजायच्या मोह्स पट्टीवर ही सिलिका 5.5 ते 6.5 च्या दरम्यान बसते, म्हणजे दाताच्या पोलादाच्या बरोबरीला. फुल थ्रॉटलला चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगानं फिरते. त्या वेगानं दाताची कड या कणांवर घासत राहिली की ती गोल होणारच.

खैर आणि बाभळीच्या लाकडातही स्फटिक असतात, पण ते मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्यांचा टणकपणा त्याच पट्टीवर 2.5 ते 3 च्या आसपास, म्हणजे पोलादापुढे मऊच. म्हणून खैर मशीनला दमवतो पण दाताची कड तेवढी घासत नाही. साग कापायला सोपा, आणि दात घासतो तोच.

आधी खात्री करा, चेन खरंच बोथट आहे का

कानस हातात घेण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. धार शाबूत असतानाच कानस मारून दात विनाकारण संपवलेल्या चेन माझ्याकडे सतत येतात.

पहिली गोष्ट चीक. फणस कापताना तो चेनच्या सांध्यांमध्ये, दाताच्या पोटात आणि चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो, त्यावर भुसा चिकटतो आणि चेन जड फिरायला लागते. बोथट झाल्यासारखंच वाटतं. चेन काढा, रॉकेलमध्ये भिजत ठेवा, ब्रशनं घासा, पट्टीची खाच पातळ पत्र्यानं उकरून काढा आणि पुन्हा चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. फणस कापायच्या दिवशी चेनच्या तेलाचा स्क्रू थोडा जास्त सोडून ठेवला तर चीक कमी धरतो, हाताला खोबरेल लावून फणस फोडतो तसंच.

दुसरी गोष्ट रेकर. प्रत्येक दाताच्या पुढे जो उंचवटा असतो तो दाताला किती खोल जाऊ द्यायचं ते ठरवतो. दात कानशीनं झिजत जातो तसा तो खालीही जातो, कारण त्याचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. रेकर मात्र आहे तिथेच राहतो. मग दात वस्तऱ्यासारखा असला तरी लाकडाला नीट टेकतच नाही, आणि भुसा पडतो पिठासारखा. दोन-तीन वेळा धार लावूनही कपच्या येत नसतील तर आधी संशय रेकरवर घ्या.

तिसरी, तेल. पट्टी कोरडी चालत असेल तर चेन तापते, ताणली जाते, ढिली पडते. मशीन चालू करून पट्टीचं टोक पांढऱ्या कागदाजवळ धरा. थ्रॉटल दिल्यावर तेलाची बारीक रेघ कागदावर उमटली पाहिजे. गाडीचं जळकं तेल टाकीत ओतायची सवय फार ठिकाणी आहे. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तेलपंप आणि पट्टी दोन्ही त्यानं जातात. शिवाय ते अंगावर उडतं, कातडीला वाईट. ते वापरू नका.

चौथी, चेन उलटी बसलेली. सांगायलाही संकोच वाटतो, पण घाईत होतं.

दात उन्हात धरून बघा

आता खरं काम. चेन पट्टीवरच असू द्या, मशीन बंद, प्लगची कॅप काढलेली. हातमोजा घाला. एक दात उन्हाकडे करा आणि त्याच्या पुढच्या कडेकडे सरळ समोरून बघा. धारदार कड दिसत नाही, तिच्यावर उजेड थांबतच नाही. बोथट कडेवर केसाएवढी पांढरी रेघ चमकते, कारण कड गोल झालेली असते आणि त्या गोलाईवरून ऊन परावर्तित होतं. ही रेघ कुठे आहे, किती रुंद आहे, सगळ्या दातांवर आहे की काहींवरच, यावरून चेन कशानं बोथट झाली ते कळतं.

रेघ सगळ्या दातांवर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, माथ्याच्या पूर्ण कडेवर सारखी असेल तर ती लाकडातल्या सिलिकाची झीज. साग कापलेली चेन अशीच दिसते. मोडतोड नाही, तुकडा उडालेला नाही, सगळीकडे एकसारखी गोलाई.

माथा आणि बाजू जिथे मिळतात तो कोपरा गोल झाला असेल आणि दाताच्या बाहेरच्या अंगावर बारीक उभे-आडवे ओरखडे असतील तर ती माती. कोकणातली तांबडी माती सालीच्या भेगांत बसते, ओंडका ओढत आणला की आणखी भरते. मातीची झीज बऱ्याचदा एकाच बाजूच्या दातांवर जास्त असते, कारण कापताना एक बाजू जमिनीकडे असते. अशी चेन सरळ कापत नाही, पट्टी एका बाजूला वळत जाते आणि काप वाकडा येतो. पट्टी वाकली असं समजून नवी पट्टी घेणारे मी पाहिले आहेत. दोष दातांचा असतो.

सलग काही दातांचे कोपरे उडालेले, बाकी दात बरे, तर ते खिळा, तार किंवा दगड. रस्त्याकडेच्या चिंचा, वड, गुलमोहर यांच्यात पाट्यांचे खिळे असतात, बांधावरच्या बाभळीत काटेरी तार लाकडानं गिळलेली असते, वरून काही दिसत नाही. काप घेताना लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर थांबा. लोखंड आणि लाकडातला टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, यांचा तो डाग असतो आणि खिळा जवळच असतो. बाभूळ, खैर, ऐन, चिंच यांच्यावर हा डाग स्पष्ट दिसतो.

आणि कडेचा रंग निळा-जांभळा झाला असेल तर दात तापून गेला. पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास असं निळं पडतं. हे वाळलेल्या खैरावर किंवा अंजनावर बोथट चेन जोर लावून चालवली की होतं, किंवा दुकानात ग्राइंडरवर घाईनं धार लावली की होतं. ग्राइंडरनं जास्तच तापलेला दात कधी इतका टणक आणि ठिसूळ होतो की त्यावर कानस नुसती घसरते. असा निळा भाग पूर्ण जाईपर्यंत दात मागे घ्यावा लागतो.

कोणतं झाड काय करतं

सागाचं वर आलंच. त्यात एक भर घालतो: सागाची सिलिका काढून टाकता येत नाही, ओला काय नि वाळलेला काय, ती असणारच. म्हणून सागाच्या कामाला धार टिकेल कशी हा प्रश्न विचारण्यापेक्षा धार लावायला किती कमी वेळ लागेल ते बघावं. टाकी संपली की पेट्रोल भरताना प्रत्येक दाताला कानशीचे दोन हात. रेघ चमकायला लागेपर्यंत थांबलात तर दोनाचे आठ होतात.

खैर आणि बाभूळ ओल्यावर कापा. चिपळूण-सावर्डे पट्ट्यात कातासाठी खैर तोडणारी माणसं ओला खैर कापतात तेव्हा चेन छान चालते. तोच खैर वर्षभर उन्हात पडला की मशीनचा आवाज बदलतो. कोरड्या खैरात दात झिजण्यापेक्षा मोडतो: कड पातळ, आकड्यासारखी आत वळलेली असेल तर तिचे बारीक तुकडे उडतात. जळगाव-धुळ्याकडचा अंजन याहून जड, भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक, पाण्यात टाकला तर बुडतो. त्याला घाई अजिबात चालत नाही.

ऐन आणि किंजळ ही आमच्या घरांच्या वाशा-खांबांची लाकडं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांची, आणि त्या तुकड्यांमधल्या भेगा धुळीनं ठासून भरलेल्या. आत गाभ्यात कधी पांढरट चुनखडी सापडते, ती दिसायला भीतीदायक पण सिलिकाइतकी वाईट नाही. ऐनावर चेन जाते ती सालीमुळे. कुऱ्हाडीनं कापाच्या जागेपुरती साल उडवा, हात-दीड हात रुंद पट्टा पुरे, आणि फरक बघा. किंजळ त्या मानानं निवांत.

जुना आंबा कापायला मऊ, आणि तरीही चेन खाण्यात पहिल्या नंबरावर असतो. कारण वाळवी. वाळवी झाड पोखरते आणि पोकळीत माती भरून ठेवते. बाहेरून खोड धडधाकट दिसतं, पट्टी आत शिरली की भुसा एकदम तांबडा-तपकिरी आणि ओलसर होतो, आणि दोन मिनिटांत चेन गेली. कापायच्या आधी कोयत्याच्या पाठीनं खोड ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर काप तिथून वर किंवा खाली सरकवा. नाइलाज असेल तर जुनी, संपत आलेली चेन त्या कापासाठी राखून ठेवा.

माडाबद्दल वेगळं सांगायला हवं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडकडून गेलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि बागाच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा ज्यांनी आयुष्यात माड कापला नव्हता त्यांनी मशीनं घेतली आणि बहुतेकांच्या चेन पहिल्याच दिवशी गेल्या. माडाला खऱ्या अर्थानं गाभा नसतो. बाहेरचं कडं सगळ्यात घट्ट, आत जाल तसं लाकूड भुसभुशीत. त्या बाहेरच्या कड्यात दोऱ्यांसारखे तंतू असतात आणि तंतूंच्या कडेनं सिलिकाचे कण. म्हणजे माड सागासारखा दात घासतो आणि वर तंतू स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंडाळतो. दर काही कापांनंतर साइड कव्हर उघडून तंतू काढा, नाहीतर चेन उतरते. सुपारीचंही तेच. बांबूच्या सालीत सिलिका भरपूर, त्यामुळे बांबूसाठी चेन सॉ वापरूच नका, बारीक दाताची करवत किंवा कोयता बरा.

निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर, शिरीष यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माती आणि खिळे टाळले तर दिवसभर चालते.

धार लावताना

कानस योग्य मापाची हवी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 58 सीसीच्या मशीनवर बहुधा .325 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असते, तिला 4.8 मिमीची गोल कानस. छोट्या, घरगुती मशीनच्या लो-प्रोफाइल 3/8 चेनला 4 मिमी. मोठ्या 3/8 ला कंपनीप्रमाणे 5.2 किंवा 5.5. चुकीच्या मापाची कानस मारली की कडेचा आकारच बिघडतो. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. ती जास्त खाली गेली तर कड आकड्यासारखी पातळ होते, सागावर पटकन गोल होते आणि कोरड्या खैरावर तुटते. जास्त वर राहिली तर दात लाकडावरून घसरतो.

कानस आतून बाहेर चालवायची, म्हणजे दाताच्या पोटातून बाहेरच्या अंगाकडे, आणि परत आणताना उचलायची. बाहेरच्या अंगावर आणि माथ्यावर क्रोमचा पातळ थर असतो. लाकूड कापते ती या क्रोमची कड. उलट दिशेनं कानस मारली तर क्रोम उडतो आणि कानसही जाते.

"दोन हात मारले, चकचकीत झालं, तरी कापत नाही" या तक्रारीचं मूळही इथेच आहे. चकचकीत झालं ते पोट. कडेवरचा खराब क्रोम अजून तिथेच आहे. पांढरी रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत, आणि मातीनं गेलेल्या चेनला कोपऱ्याची गोलाई संपेपर्यंत, दात मागे घ्यावाच लागतो. मग सगळ्यात खराब दात शोधून तो आधी नीट करा, त्याची लांबी मोजा आणि बाकीचे सगळे तेवढेच करा. डावे लांब आणि उजवे आखूड राहिले तर काप वाकडा येणारच.

कोन बहुतेक चेनवर 30 अंश, दाताच्या मागच्या बाजूला तशी तिरकी रेघ कोरलेली असते. सागाला तोच ठेवा. वाळलेल्या खैर, बाभूळ, अंजनासाठी मी 25 वर आणतो. कड थोडी जाड राहते, वेग किंचित कमी होतो, पण तुटत नाही. रेकर गेज (मापाची पट्टी) लावून सपाट कानशीनं, दाताच्या माथ्यापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली घ्या, आणि पुढचा कोपरा पुन्हा गोल करा. कठीण लाकूड आहे म्हणून रेकर जास्त खाली नेऊ नका. मशीन लाकडाला हिसके देतं, पट्टीच्या टोकानं उलट उसळी मारण्याचा धोका वाढतो, आणि ती उसळी थेट तोंडाकडे येते. बोथट चेन दाबून चालवण्यातही हाच धोका आहे, म्हणून "एवढा एक ओंडका होऊ दे, मग धार लावू" हे करू नका.

चेन घेताना विचारून घ्या. चौकोनी कोपऱ्याच्या दाताची चेन स्वच्छ लाकडात वेगवान, पण तिचा तो टोकदार कोपरा मातीत आणि सागात पहिल्यांदा जातो. गोलसर कोपऱ्याची, जिला सेमी-चिझल म्हणतात, ती हळू पण जास्त टिकते. आपल्याकडच्या मिश्र, धुळकट कामाला मी हीच देतो. कार्बाइडचे दात बसवलेल्या चेनही मिळतात आणि मातीत खरंच टिकतात, पण त्यांना साध्या कानशीनं धार लागत नाही, हिऱ्याचं चाक लागतं. तालुक्याच्या गावात ते सापडेपर्यंत हंगाम संपतो.

ओंडका कापताना

ओंडक्याखाली दोन दांडकी सारा, जमिनीपासून वीतभर उचललेला असू द्या. पूर्ण खालपर्यंत काप नेण्याऐवजी चारातले तीन भाग वरून कापा, ओंडका फिरवा, उरलेला वरून कापा. चेन एका क्षणासाठी जमिनीला लागली तरी अख्ख्या दिवसाची धार जाते. चिखलातून ओढलेला ओंडका पाण्यानं धुवा, पाणी नसेल तर तारेच्या ब्रशनं कापाच्या जागा झाडा. पट्टीच्या वरच्या बाजूनं की खालच्या, तेही बघा. चेन जिथे लाकडात शिरते तिथली साल स्वच्छ हवी, बाहेर पडते तिथली थोडी मळकी चालते, कारण बाहेर पडताना माती लांब फेकली जाते.

साग, खैर, ऐन, किंजळ, अंजन, आंबा, फणस ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. स्वतःच्या मालकीतलं असलं तरी परवानगी काढूनच मशीन चालू करा.

दोन-तीन चेन जवळ ठेवा आणि आलटून पालटून वापरा. जागेवर धार लावायला वेळ नसला तर चेन बदलून घ्या, संध्याकाळी सगळ्या एकदम बघा. एकाच स्प्रॉकेटवर त्या सारख्या झिजतात, हाही फायदा. दाताच्या माथ्याची लांबी साधारण 4 मिमीवर आली किंवा मागच्या कोरलेल्या रेघेला टेकली की ती चेन चांगल्या लाकडाला वापरू नका. वाळवीच्या आंब्याला आणि मातीतल्या बुंध्यांना ती वेगळ्या डब्यात ठेवा. दाताला तडा दिसला किंवा रिव्हेट ढिला झाला तर मात्र त्या डब्यातही नको, थेट भंगारात.